बुधवारचा विणकामाचा तास



"तू इतिहास शिकवतेस, तेव्हा शाळेच्या इतिहासावर काहीतरी लिही," असा स्मरणिका समितीचा निरोप आला. शाळेची स्थापना, इमारत निधी, मुख्याध्यापकांची परंपरा यावर लिहिणारी माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत. मी फक्त एका तासाचा इतिहास लिहिते आहे. आपली १९८३ ची दहावीची तुकडी. आठवी-नववीत दर बुधवारी मधल्या सुट्टीनंतर लागोपाठ दोन तास कार्यानुभवाचे असायचे. मुलगे खाली जाऊन बागेत आळी करायचे, नाहीतर लाकडी फळीवर बटण आणि होल्डर जोडून दिवा पेटवायचे. आम्ही मुली वरच्या मजल्यावर सुया घेऊन बसायचो. वर्षअखेरीस प्रत्येकीने एक सुती रुमाल विणून द्यायचा, मधोमध जाळी आणि चारी बाजूंनी खरबरीत काठ असलेला.

ज्यांनी तो विणला नाही त्यांच्यासाठी, म्हणजे समस्त मुलग्यांसाठी, कृती सांगते. दहा नंबरच्या सुईवर ४१ टाके घालायचे. पहिल्या सहा ओळी साबुदाणा वीण: एक सुलट, एक उलट, असं शेवटपर्यंत. टाके विषम असल्यामुळे प्रत्येक ओळ सुलट टाक्याने सुरू होते आणि सुलट टाक्यानेच संपते. सुलटावर उलट आणि उलटावर सुलट येतो, म्हणून साबुदाण्यासारखे दाणे उठतात. त्यानंतर दोन्ही कडांचे पाच-पाच टाके साबुदाण्यातच ठेवायचे आणि मधल्या ३१ टाक्यांत जाळी घालायची: एक सुलट, मग दोरा पुढे घेऊन दोन टाके एकत्र, हे पंधरा वेळा. परतीची ओळ मध्ये सगळी उलट. अशा ४८ ओळी झाल्या की पुन्हा सहा ओळी साबुदाणा आणि टाके बंद. एकूण साठ ओळी, सुमारे अडीच हजार टाके, आणि हातात वीतभर रुमाल.

दोरा पुढे घेतला की सुईवर एक टाका वाढतो आणि तिथे भोक पडतं. दोन टाके एकत्र विणले की एक कमी होतो. दोन्ही बरोबर झालं तर ओळीअखेर ४१ चे ४१. एकदा जरी दोरा पुढे घ्यायचा राहिला तरी ४०. बाई ओळ बघायच्याच नाहीत. सुई हातात घेऊन नुसते टाके मोजायच्या आणि "कुठेतरी एक भोक खाल्लंस" म्हणून परत द्यायच्या. बीजगणिताच्या तासाला समीकरणाच्या दोन बाजू मला पटकन कळल्या, त्याचं निम्मं श्रेय मी या ४१ टाक्यांना देते.

काठाबद्दलही सांगायला हवं, कारण तो शोभेसाठी आहे असं सगळ्यांना वाटतं. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणत गेलं तर कापड सपाट राहत नाही, त्याच्या कडा गुंडाळतात. सगळे फुगीर फास एका बाजूला आणि सपाट फास दुसऱ्या बाजूला गेल्याने दोन्हीकडचा ताण सारखा राहत नाही. साबुदाण्यात दोन्ही प्रकार दोन्ही बाजूंना वाटले जातात, म्हणून ती वीण टेबलावर पसरून पडते. मधली जाळी गुंडाळू पाहते आणि काठ तिला धरून ठेवतो. काठाशिवायचा रुमाल एका धुण्यात सुरळी होतो.

आता इतिहास. आपल्या भाषेत बाज विणतात, टोपली विणतात, जाळं विणतात, पैठणी विणतात आणि स्वेटरही विणतात. एकच क्रियापद असल्यामुळे सुयांचं विणकाम आपल्याकडे पूर्वापार असेल असं सहज वाटून जातं. पण मागावरचं कापड आणि सुईवरचं कापड यांची जातच वेगळी. मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा असे दोन दोरे एकमेकांना कापत जातात. सुईवर एकच दोरा स्वतःच्याच फासांतून पुढे सरकतो, आणि टोक ओढलं तर अख्खा रुमाल पुन्हा गुंडा होतो. मागाच्या बाबतीत आपला मुलूख श्रीमंत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचा आणि तेरचा उल्लेख आहे. तेरहून सुती कापड भडोचच्या बंदराकडे जायचं असं त्यात लिहिलेलं आहे. आपल्या शहराचा हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम यांची जोडी. मशरूत वरचं अंग रेशमाचं आणि कातडीला लागणारं सुताचं. एवढं सगळं असून दोन सुयांचं विणकाम मात्र आपल्याकडे बाहेरून आलं.

या कामाचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने नमुने इजिप्तमधले आहेत, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांमधले पायमोजे. त्यांतले कित्येक सुती आहेत, पांढऱ्या सुतावर निळीच्या नक्षीचे. कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या शहराच्या ढिगाऱ्यांत असे विणलेले तुकडे सापडले आणि त्याच ढिगाऱ्यांत गुजरातचं छापील सुती कापडही सापडलं. म्हणजे सुयांचं काम लोकरीचं आणि थंड मुलखाचं, ही आपली समजूत मुळातच कच्ची आहे. तिथून ते युरोपात गेलं. जाळी आणि उलट टाका यांचे जुने देखणे नमुने १५६२ मध्ये वारलेल्या फ्लॉरेन्सच्या एलिनोरा राणीबरोबर पुरलेल्या रेशमी मोज्यांत दिसतात. ती तिथल्या ड्यूकची बायको. राणी आपलं मी म्हणते.

पुढची गोष्ट खास मुलग्यांसाठी. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातल्या बऱ्याच शहरांत हे काम पुरुषांचं होतं. कारागिरांचे संघ असत, मुलगा काही वर्षं उमेदवारी करायचा, मग काही वर्षं गावोगाव फिरून काम शिकायचा. उस्ताद म्हणून मान्यता हवी असेल तर परीक्षा: एक नक्षीदार गालिचा, एक टोपी, एक लोकरी सदरा आणि मोजे स्वतः विणून दाखवायचे. १५८९ मध्ये इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणण्याचं यंत्र काढलं. हळूहळू धंदा यंत्राकडे आणि यंत्र पुरुषांकडे गेलं. हातातल्या सुया राहिल्या गरीब घरांतल्या बायकांकडे पोटासाठी आणि सुखवस्तू घरांतल्या बायकांकडे विरंगुळ्यासाठी. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत विणकामाची पुस्तकं निघू लागली तेव्हा ती 'लेडीज'साठीच होती. आपल्याकडे जे आलं ते या अवस्थेतलं.

आलं ते मिशनच्या मुलींच्या शाळांतून आणि छावणीतल्या मडमांकडून. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या, १८३९ पासून अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. मिशनच्या अशा शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला सुईदोऱ्याचं काम असेच. मुलीला नुसतं वाचायला शिकवतात म्हटलं की घरचे बिचकायचे. शिवण-टिपणही शिकवतात म्हटलं की तेवढे बिचकत नसत. सुईच्या आडोशाने पाटी आत शिरली. पुढे आपल्या सुधारकांनी हीच सुई वेगळ्या कामाला लावली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, नंतर केडगावला मुक्ती सदन उभारलं. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा आणि रमाबाई रानड्यांचं पुण्याचं सेवासदन १९०९ चं. विधवा आणि टाकलेल्या बायकांना चार पैसे स्वतःचे मिळावेत, असा या मंडळींचा हिशेब होता. शिवण आणि हस्तकला त्यांच्याकडे पोटाचं साधन म्हणून शिकवली जाई. शाळांच्या वेळापत्रकात हाच विषय शिरला तेव्हा त्यात दोन्ही हेतू मिसळून गेले: मुलगी गृहकृत्यदक्ष व्हावी आणि वेळ आलीच तर तिला आधार असावा. कुठला हेतू किती, हे ज्या त्या बाईंवर अवलंबून असे.

आपलं शहर तेव्हा निजामाच्या राज्यात. १८८९ मध्ये इथे सूत कातण्याची आणि कापडाची गिरणी उभी राहिली, सातशेच्या आसपास माणसं तिथे कामाला होती. १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली आणि सरकी काढण्याचे कारखाने निघाले, एकट्या जालन्यात नऊ. आजूबाजूला नजर जाईल तिकडे कापूस. आणि अशा मुलखात विणकाम म्हटलं की लोकर! त्याला कारणही तसंच झालं. १९६२ च्या युद्धात बर्फात लढणाऱ्या जवानांसाठी देशभरातल्या बायका स्वेटर आणि मोजे विणत होत्या. यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं म्हटलं जाई, त्या दिवसांतली ही गोष्ट. आपल्या आयांच्या पिढीतल्या कितीतरी जणी तेव्हाच पहिल्यांदा सुई धरायला शिकल्या. युद्ध संपलं, सुया घरात राहिल्या. मग मुलांचे स्वेटर, टोपडी, मासिकांतले नमुने, शेजारणीकडून उसनी आणलेली वीण. मराठवाड्यात स्वेटर अंगावर टिकतो तो जेमतेम दीड-दोन महिने, तरी प्रत्येक घरात ट्रंकेत दोन-चार होतेच.

आपल्या बाईंनी लोकर बाजूला ठेवून सूत आणलं, आणि मला वाटतं आपल्या शाळेची या लांबलचक इतिहासातली भर ती एवढीच. पहिलं कारण पैशाचं होतं. लोकरीचा गुंडा सगळ्यांच्या आयांना परवडत नव्हता. अँकरचे सुती गुंडे मिळायचे, पण तो दोरा बारीक आणि गुळगुळीत, क्रोशाच्या तोरणांसाठी बरा. बाईंनी गुलमंडीच्या मागच्या बोळातून साध्या सुताच्या लडी आणायला लावल्या. घरी चार पदर एकत्र पीळ देऊन आम्ही त्याचे गुंडे करायचो. एकीने लडी दोन्ही हातांवर धरायची आणि दुसरीने गुंडाळायचं. सुयाही सगळ्यांकडे नव्हत्या. काहींनी सायकलच्या चाकाच्या तारा घासून आणल्या होत्या. त्या फार बारीक, त्यावर विणलेला रुमाल हाताएवढाच व्हायचा. बाई त्यालाही पूर्ण श्रेणी द्यायच्या.

सूत लोकरीसारखं ताणून परत येत नाही. त्यामुळे सुताच्या स्वेटरचा काठ दोन धुण्यांत लोंबतो. पण ओलं झालं की सूत कोरड्यापेक्षा मजबूत होतं, लोकर उलट कमजोर होते. सुताला उकळता येतं, उन्हात खडखडीत वाळवता येतं. अंग पुसायच्या रुमालाला आणखी काय लागतं? जाळीमुळे तो लवकर सुकतो, साबुदाण्याच्या दाण्यांमुळे मळ निघतो. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना असा रुमाल हातात घेऊन बघा. हीच गोष्ट जगात इतरत्रही लोकांच्या ध्यानात आली होती. कुष्ठरुग्णांच्या जखमांसाठी चर्चमधल्या बायका सुती दोऱ्याच्या लांब पट्ट्या विणून दूरदेशीच्या दवाखान्यांना पाठवायच्या. विणलेली पट्टी हवा जाऊ देते, अंगाबरोबर वाकते आणि उकळून पुन्हा वापरता येते, म्हणून.

आता थोडं कडू. आमच्या हातात सुया होत्या त्याच वेळी तुमच्या हातात पेचकस होता, आणि ही वाटणी कुणी आम्हाला विचारून केली नव्हती. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या नई तालीमची योजना मांडली गेली, तेव्हा टकळी मुलाच्या आणि मुलीच्या, दोघांच्याही हातात दिली होती. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' शालेय शिक्षणाचा भाग करावा असं सुचवलं, तेही सगळ्या मुलांसाठी. वर्गाच्या दारात येईपर्यंत त्याचे दोन भाग झाले, एक खालच्या मजल्यावर आणि एक वरच्या. घरातला फ्यूज बांधायला मला चाळिशीपर्यंत कुणीतरी लागायचं. आणि आमच्या वर्गातल्या किती मुलग्यांना आज शर्टाचं बटण लावता येतं, ते स्नेहमेळाव्यात हात वर करून सांगावं. यात मी बाईंना दोष देत नाही. नववीत दोन मुलांनी "आम्हालाही शिकवा" म्हटलं तेव्हा बाईंनी त्यांना मागच्या बाकावर बसवून घेतलं होतं. दोघांनीही काठापर्यंत मजल मारली. नावं सांगत नाही, त्यातला एक आज मोठा सरकारी अधिकारी आहे.

सुई हा आधार, या म्हणण्याचं काय झालं, तेही लिहायला हवं. आपल्या वर्गातली सर्वांत चांगली विणणारी मुलगी नववीनंतर शाळेत आली नाही. तिचं लग्न झालं. २०११ मध्ये बचत गटांच्या एका प्रदर्शनात ती मला भेटली. तिने मला आधी ओळखलं. तिच्या टेबलावर तिखट, कुरडया, पापड आणि एका कोपऱ्यात पाच-सहा रुमाल होते, हुबेहूब आपले. सरावलेल्या हाताला एका रुमालाला तीन तास लागतात. गिऱ्हाईक तेव्हा तीस रुपये द्यायला मागेपुढे बघायचं, कारण बाजूच्याच स्टॉलवर सोलापूरचा अख्खा टॉवेल त्याच्या थोडा पुढच्या भावात पडलेला असायचा. दिवसभर मान मोडून तीन रुमाल, नव्वद रुपये, त्यातून सूत वजा. "तिखटाला बरे सुटतात गं," ती म्हणाली. "हे मी माझ्यासाठी आणते. टेबल बरं दिसतं."

आपल्या पैठणवरून वाहणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, तिथे आंध्रात नरसापूर आहे. १८४४ पासून मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी या लेस करणाऱ्या बायकांवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. व्यापारी पैसेवाले झाले. दिवसभर राबणाऱ्या बायकांची गणना मात्र 'गृहिणी' अशीच, आणि त्यांचं काम म्हणजे फावल्या वेळचं. मी ते वाचलं तेव्हा मला हे टेबल आठवलं. फावल्या वेळचं काम असं एकदा नाव पडलं की त्या वेळेला भाव राहत नाही. रमाबाईंनी मांडलेला हिशेब चुकीचा नव्हता, असं मला आजही वाटतं. पण तो पुरा व्हायला टाके मोजणारी बाई जेवढी लागते तेवढंच तासांचे पैसे मोजणारं गिऱ्हाईक लागतं, आणि ते शाळा देऊ शकत नाही.

गेल्या वर्षी बाईंच्या मुलीने त्यांची नमुनावही माझ्याकडे सोपवली. दोनशे पानी, पुठ्ठ्याला खाकी कागदाचं कव्हर. त्यात २६ नमुने आहेत. प्रत्येक पानावर चार बोटांचा विणलेला तुकडा दोऱ्याने टाचलेला आणि शेजारी कृती. मराठीत विणकामाची परिभाषा कुणा समितीने ठरवलेली नाही. ती अशाच बायांनी आपापल्या वहीत तयार केली. 'सु' म्हणजे सुलट, 'उ' म्हणजे उलट, 'दोपु' म्हणजे दोरा पुढे, 'दोए' म्हणजे दोन एकत्र. 'सु१ (दोपु दोए)×१५' असं लिहिलेलं पाहिलं आणि गणिताच्या सरांची वही आहे की काय असं वाटलं. नावं बाईंनी स्वतः ठेवलेली: साबुदाणा तर होताच, पण 'कणीस', 'वेणी', 'चिंचेचं पान' आणि एकोणिसाव्या पानावर 'मकबऱ्याची जाळी'. बीबी का मकबऱ्यातल्या संगमरवरी जाळीवरून बाईंनी ही बसवली होती. भोकांची एक ओळ झाली की पुढच्या ओळीत भोक अर्ध्या घराने सरकवायचं. ती दोन ओळींच्या मधोमध आली की लांबून षटकोन दिसतात. आपण सहलीला गेलो तेव्हा बाई जाळीसमोर बराच वेळ का उभ्या होत्या, ते आत्ता कळलं.

या एकोणिसाव्या पानावर पाणी सांडलेलं आहे. नववी ते बारावी ओळ वाचता येत नाही आणि टाचलेला तुकडा नेमका तिथेच उसवला आहे. मी चार वेळा विणून पाहिलं; कधी ४३ टाके होतात, कधी ३९, षटकोन काही जुळत नाहीत. आपल्यापैकी निदान तिघींनी नववीत हीच जाळी विणली होती, हे मला पक्कं आठवतं. रुमाल कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या माळ्यावर असेल तर मेळाव्याला घेऊन या. फाटका असला तरी चालेल, ओळी मोजता आल्या म्हणजे झालं. वही मी वरच्या मजल्यावर, आपल्या जुन्या वर्गात, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवणार आहे. शेजारी दहा नंबरच्या सुयांच्या सहा जोड्या आणि सुताचे गुंडे असतील. मुलग्यांनाही वर यायला हरकत नाही.